जखमेला डाळ चालत नाही

माझ्या पोटावर छातीच्या खालपासून बेंबीच्या पार खालपर्यंत एक वेडावाकडा वण आहे. नातवंडं विचारतात, आजोबा हे काय? मी म्हणतो, माझ्या अकलेचा दाखला आहे. ती हसतात, पण मी खोटं सांगत नाही. लातूरच्या आमच्या घरच्या डाळ मिलमध्ये ज्याचा जन्म गेला, ज्याच्या अंगाला आंघोळ केल्यावरही तुरीचा वास यायचा, तो मी डाळ न खाल्ल्यामुळं मरायला टेकलो होतो. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, जखम भरत नसेल आणि मोठी माणसं पेज पाजत बसली असतील, तर हे वाचावं म्हणून लिहून राहिलो. दुसरं कारण माझ्या बायकोचं आहे. ते ओघानं येईल.

ताप अंगावर काढला

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. गावात नव्या पाट्या, नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि प्यायला पाणी नाही अशी तऱ्हा. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. रानात तूर नाही म्हणून मिल आठवड्यातून दोन दिवस चालायची. खरेदीचं काम माझ्याकडं. कुठं चांगली तूर मिळती का बघत मी उदगीर, देगलूर, मुखेड अशी एसटीनं वणवण करत होतो. ज्या गावात जाईन तिथलं पाणी प्यायचं. विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी, वरून तुरटी फिरवलेली.

ताप आला तो दोन आठवडे अंगावर काढला. महानंदा, माझी बायको, रोज म्हणायची, "अहो, एकदा दाखवून तर या." मी गोळी गिळून बाहेर पडायचो. मला कुणी काही सांगितलेलं खपत नाही, बायकोनं तर नाहीच. हा माझा जुना रोग, आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

मुखेड हे तिचं माहेर. उन्हाळी सुट्टी म्हणून ती पोरांना घेऊन तिथं आली होती. बाजाराच्या दिवशी मीही तिथं उतरलो. दुपारी जेवायला बसलो, पहिला घास घेतला आणि पोटात अशी कळ उठली की मी ताटावरच आडवा झालो. पोट लाकडासारखं ताठ झालं. हात लावू देईना. पोरांना आजोळीच ठेवून महानंदानं आणि मेहुण्यानं मला जीपमध्ये घातलं आणि नांदेडच्या एका दवाखान्यात आणलं.

तिथले मोठे डॉक्टर सावकाश बोलणारे, जाड चष्मा, हात मात्र बाईसारखे हलके. पोट दाबून म्हणाले, "विषमज्वरानं आतड्याला भोक पडलंय. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल."

"उद्या नाही का चालणार?" मी विचारलं.

"उद्या कुणाचं उघडू?" ते म्हणाले.

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. मिल, तूर, दुष्काळ सगळं डोक्यातून गेलं. फक्त पोरं दिसायला लागली.

आत नेताना सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढून द्या. गळ्यात इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात ते जिवंतपणी अंगावरून उतरत नाही. मी कळवळत होतो तरी "न्हाई, ते न्हाई" करत छाती धरून बसलो. सिस्टर बिचारी काय करणार? महानंदानं तिच्याकडून बँडेजची पट्टी मागून घेतली, लिंग त्यात गुंडाळलं आणि माझ्या उजव्या दंडाला घट्ट बांधलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. माझ्या कामात येत नाही ते." एवढ्या घाईत त्या माणसानं माझा मान ठेवला, हे मी कधी विसरलो नाही.

अव्वाचं पथ्य

दुसऱ्या दिवशी लातूरहून अव्वा आली. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. वय साठीच्या पुढं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की मिलच्या दारातून हाक मारली तर आतला हमाल कामाला लागायचा. तिनं वॉर्डात पाय ठेवला आणि माझी सगळी सूत्रं हातात घेतली. दवाखान्यामागं एक खोली भाड्यानं घेतली, स्टो पेटवला आणि पहिला हुकूम सोडला.

"जखमेला डाळ चालत न्हाई. पू होतो."

हे काही तिचं एकटीचं खूळ नव्हतं. आमच्या सगळ्या मुलखाची ती समजूत. मिलमध्ये कुणाचं बोट पट्ट्यात सापडलं तर मीच सांगायचो, आठ दिवस वरण बंद. दिवसभर डाळ भरडायची आणि जखम झाली की तिच्याकडं बघायचं नाही, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

पहिले काही दिवस सलाईनवर गेले. मग डॉक्टरांनी पातळ घ्यायला सांगितलं, आणि पुढं एक दिवस म्हणाले, "आता हलकं, पण सकस खायला लागा." अव्वानं मान डोलावली. साबुदाण्याची पेज, तांदळाची पेज, लिंबाचं सरबत, मोसंबीचा रस. उपासाला साबुदाणा चालतो म्हणजे तो सकसच, असा तिचा हिशेब. दूध दुष्काळात पाण्यासारखं झालेलं, तेही कफ होतो म्हणून बंद. शिवाय माझ्यासाठी तिनं स्वतः सोमवार धरले आणि मलाही एक धरायला लावला. मीही धरला. पोटाला टाके असलेला माणूस उपास करून राहिला, आणि भेटायला येणारे म्हणायचे, केवढी भक्ती.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. सकाळी झाडू, मग थर्मामीटर, मग ड्रेसिंग, मग डॉक्टरांची फेरी, मग नुसतं पंख्याकडं बघणं. मला भूक लागायची नाही. अंगात जीव नव्हता. पण दहाव्या दिवशी पाय भरल्यासारखे दिसायला लागले. तोंडही गोल झालं. अव्वाचा आनंद काय सांगू? माझ्या पायावरून हात फिरवत ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बघा, माझ्या पेजेनं अंग धरलं."

माझं अंग महानंदा रोज पुसायची. एक दिवस हळूच म्हणाली, "अहो, पाय जाड दिसून राहिलेत, पण मांड्या अन् दंड कुठं गेले? ही दंडाची पट्टी मी दोनदा आवळून बांधली."

"तुला काय कळतंय?" मी म्हणालो.

एक वाटी वरण

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा खोलीवर पडली होती. महानंदा पदराखाली एक वाटी झाकून घेऊन आली. साधं वरण, हळद, मीठ, वर तुपाचा थेंब. म्हणाली, "डॉक्टर सकस खा म्हणाले. पेजेत काय हाय? एवढं घ्या."

वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी ती वाटी चाटूनपुसून संपवली, हे आधी लिहून ठेवतो. कारण पुढं मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोटावरची पट्टी ओली लागली. लालसर पाणी. मग मला खोकला आला, आणि पोटावर कोमट काहीतरी पसरलं. टाके सुटले होते. सिस्टर धावत आली, ओलं कापड टाकून पोट दाबून धरलं. त्या गडबडीत अव्वानं विचारलं, "काय खाल्लं ह्यानं?"

मी बायकोकडं बोट केलं. म्हणालो, "हिनं वरण दिलं काल. हिनं मारलं मला."

हे माझे शब्द. तापात बोललो, भीतीनं बोललो, काहीही म्हणा, पण बोललो. अव्वानं साऱ्या वॉर्डासमोर तिला नको नको ते सुनावलं. नवऱ्याच्या जिवावर उठलेली म्हणाली. महानंदा भिंतीला टेकून उभी राहिली. मला स्ट्रेचरवर घालून पुन्हा आत नेलं तेव्हा ती तशीच उभी होती.

स्टुलावर बसलेले डॉक्टर

या खेपेला जाडजूड टाके, खाली रबरी नळ्यांचे तुकडे घालून, मांस कापू नये म्हणून. दोन दिवसांनी डॉक्टर फेरीला आले. माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला तो तसाच राहिला.

"काय देता खायला?" त्यांनी विचारलं.

अव्वानं मोठ्या अभिमानानं सगळ्या पेजा मोजून दाखवल्या.

"आणि डाळ?"

"तेवढं पथ्य सोडलं न्हाई बघा. ह्या पोरीनं एकदा चोरून दिली, तर पोट फुटलं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुम्ही करता काय?"

"डाळ मिल," मी म्हणालो. "लातूरला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून अव्वासमोर बसले. ते देगलूरकडचे, कानडी येणारे. "अव्वा, ऊटा आय्ता?" त्यांनी विचारलं, म्हणजे जेवण झालं का. अव्वाचा चेहरा जरा सैल झाला. तिच्या माहेरची भाषा ती.

मग ते जे बोलले ते मी जन्मभर लोकांना सांगत आलो. म्हणाले, "अव्वा, जिता माणूस रोज आपलं अंग थोडं मोडतो अन् थोडं नवं बांधतो. तुम्ही, मी, दारातलं जनावर, सगळे. आतड्याच्या आतलं अस्तर तर आठवड्याच्या आत नवं होतं. मांस सावकाश बदलतं, पण बदलतं. मोडलेल्यातलं पुष्कळ परत कामाला येतं. थोडं मात्र लघवीवाटे जातं, ते रोज जेवणातून भरावं लागतं. आजारात मोडणं लई वाढतं. त्यात ह्याच्या पोटाला सांधा धरायचाय. त्याला लागणारा माल डाळीत असतो, दुधात असतो, अंड्यात असतो. पेजेत तो नावापुरता."

"मग पेजेवर इतके दिवस जगला कसा?" अव्वानं विचारलं.

"पेजेनं चूल पेटती राहिली. भिंत कशानं बांधायची?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "शेठ, तुम्हाला गोदाम कळतं. चरबीचं गोदाम अंगात असतं. ह्या मालाचं गोदाम नसतं. बाहेरून आला नाही की शरीर स्वतःच्या मांडीत, दंडात हात घालतं, तिथलं मांस मोडून नेतं. तुमच्या मांड्या तुम्हीच खाल्ल्यात. रक्तातलाही तो माल कमी झाला, म्हणून पाणी पायात उतरलं. ही ताकद नाही, ही सूज आहे."

अव्वानं खाली बघून विचारलं, "अन् त्या वाटीनं?"

"त्या वाटीनं काही बिघडलं नाही. एका वाटीनं जुळलंही नसतं. टाके आधीच सुटत आले होते. ही बाई आठवडाभर आधी वाटी आणती तर कदाचित मला दुसऱ्यांदा पोट शिवावं लागलं नसतं." ते उठले. "अंडी द्या म्हणणार होतो, पण तुमच्यात चालत नाहीत हे मला ठाऊक हाय. डाळ द्या, दही द्या, शेंगदाणे वाटून द्या, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर डाळ द्या, एकात जे कमी ते दुसऱ्यात असतं. ह्यावेळी पोट धरलं नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी डोळे मिटून ऐकलं. महानंदा तिथंच होती. मला तिच्याकडं बघवेना.

गोडं पाणी

दुसऱ्या दिवशी डबा आला तो दुपार कलल्यावर, आणि डाळ कच्चट. नांदेडातही पाण्याची बोंब होती. खोलीवर बोअरचं खारं पाणी यायचं आणि खाऱ्या पाण्यात तूर शिजत नाही, दिवसभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो. हे आम्हाला कुणी शिकवायला नको. अव्वानं मिलवर निरोप धाडून जुन्या साठ्यातली शेरभर डाळ मागवली, आणि स्वतः घागर घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहायला लागली. गोड्या पाण्यासाठी. घरी जिनं कधी घागर उचलली नव्हती ती अव्वा, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात, अनोळखी बायांत. महानंदा म्हणायची, "अव्वा, मी जाते," तर म्हणायची, "तू त्याच्याजवळ बस."

डाळ मेणासारखी शिजून यायला लागली. पहिल्यांदा चार चमचे, मग वाटी, मग दोन वाट्या. दह्याची वाटी सिस्टर तिच्या घरून आणायची, का ते मी आजवर विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

दोन आठवड्यांनी एक गंमत झाली. सूज उतरली आणि मी काटकुळा दिसायला लागलो. गाल बसले, पाय काड्यांसारखे. भेटायला आलेले हळहळायचे, "लई खराब झाला हो." डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, आता तुम्ही जेवढे आहात तेवढे दिसता. मग मला उठवून व्हरांड्यात चालायला लावलं. म्हणाले, नुसतं खाऊन मांस येत नाही, त्याला काम द्यावं लागतं. महानंदाच्या खांद्यावर हात ठेवून मी दहा पावलं टाकायचो आणि शिव्या घालायचो. पावलांना, उन्हाला, डॉक्टरांना. तिला नाही. तिला शिवी घालायची माझी छाती नव्हती, आणि माफी मागायचीही नव्हती. आम्ही औषधाचं बोलायचो, पोरांचं बोलायचो, त्या सकाळचं कुणीच बोलत नव्हतं.

जखम खालून वर भरत आली. लालबुंद, ओलसर, निरोगी. ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणायची, "बघा ना एकदा." मी बघायचो आणि मला रडू यायचं. आपलंच मांस, नवं कोरं, डाळीचं झालेलं.

नळ्यांचे टाके निघाले त्या दिवशी

जाड टाके काढायचे होते त्या सकाळी मला दरदरून घाम फुटला. डॉक्टरांनी एकेक टाका कापला आणि म्हणाले, "आता खोका."

मी मान हलवली. नको म्हणालो.

"खोका शेठ, माझा हात हाय वर."

मी खोकलो. पोट जागच्या जागी राहिलं. त्यांनी अजून एकदा खोकायला लावलं. मग पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, परवा घरी जा. अव्वानं कपाळाला हात लावून लिंगाला नमस्कार केला. महानंदा पाणी आणते म्हणून नळाकडं गेली.

शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशी लोह्याकडचा एक शेतकरी आला होता. मळणीच्या यंत्रात पायाची पिंढरी फाटलेली. त्याची बायको डब्यातून तांदळाची पेज काढत होती. अव्वानं ते बघितलं. मग उठून तिच्याजवळ गेली.

"बाई, वरण न्हाई देत का त्याला?"

"जखमेला डाळ चालत न्हाई ना अव्वा," ती म्हणाली. "पू होतो म्हणत्यात."

माझी अव्वा. जन्मात कधी चुकले म्हणाली नाही. माझ्या बापालाही नाही. ती त्या परक्या बाईच्या शेजारी खाली बसली आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीबी असंच म्हणत होते. पंधरा दिवस लेकाला पेज पाजली. त्यानं स्वतःचं मांस खाल्लं पण मला कळलं न्हाई. माझ्या सुनेला कळलं. तिनं एक वाटी दिली तर मी तिला नवऱ्याच्या जिवावर उठलेली म्हणाले, इथंच, सगळ्यांसमोर. तिचं खरं होतं. माझ्या हातानं चालला होता माझा लेक. तू असं करू नको. डाळ दे."

महानंदा तांब्या घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. अव्वा तिच्याकडं न बघता उठली आणि डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेली.

मग मात्र मला पडून राहवेना. मी हातावर जोर देऊन उठून बसलो. म्हणालो, "महानंदा, अव्वानं नंतर म्हटलं. आधी बोट मी केलं होतं. वाटी चाटून खाल्ली अन् तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं."

ती खाटेवर माझ्या पायाशी बसली.

"हाव," ती म्हणाली. "चुकलं तुमचं. मला वाटलं होतं तुम्ही तेच म्हणत मराल, अन् मी जन्मभर ते खरं धरून जगेन."

आणि ती रडायला लागली. टाके सुटले तेव्हा रडली नव्हती, अव्वा बोलली तेव्हा रडली नव्हती. मी तिचा हात धरून बसलो, आणि ती थांबेपर्यंत सोडला नाही.